दोन हेडफोन आणि एक हाक

कान तपासायच्या कामाला मी लागले ती खरं तर चुकून. सायन्सची पदवी घेतली होती, शाळेत जागा निघेपर्यंत काहीतरी हवं होतं, आणि सोलापुरात शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरमालकांच्या ओळखीचे एक कान-नाक-घशाचे डॉक्टर होते. त्यांनी ऐकण्याची ताकद मोजायचं यंत्र मागवलं होतं आणि ते चालवायला शांत स्वभावाचं माणूस हवं होतं. "मुलगी बोलते कमी, हे बरंच आहे," असं ते पहिल्याच भेटीत म्हणाले. दोन महिने पुण्याला पाठवून त्यांनी मला काम शिकवून आणलं. सत्तरच्या दशकाची मधली वर्षं होती आणि मी तेवीस वर्षांची होते.

दवाखाना भवानी पेठेच्या कडेला होता. खाली औषधाचं दुकान, वर दोन खोल्या. आजूबाजूच्या घराघरांत यंत्रमाग चालायचे. त्यांचा आवाज खिडकीतून यायचा तसा फरशीतूनही यायचा; टेबलावर चहा ठेवला की त्यावर बारीक वर्तुळं उठत. अशा जागी कान तपासायचे, म्हणून डॉक्टरांनी मागच्या खोलीची खिडकी विटांनी बुजवून घेतली आणि चारी भिंतींना चादरी ठोकल्या. एका माग चालवणाऱ्या पेशंटने विणताना खोट राहिलेल्या चादरींचा गठ्ठाच आणून दिला होता. एकावर एक तीन-तीन चादरी. पेशंट लाल फुलांच्या आणि हिरव्या मोरांच्या मधोमध स्टुलावर बसायचा, माझ्याकडे पाठ करून. मी यंत्राची चकती फिरवायची, कळ दाबायची. कानात बारीक आवाज आला की त्याने बोट वर करायचं. उजव्या कानासाठी कागदावर लाल गोल, डाव्यासाठी निळी फुली. एवढं माझं काम.

चादरी लावूनही मागांची धडधड आत यायचीच. म्हणून डॉक्टरांनी दुसरा हेडफोन मागवला.

पहिला यंत्राबरोबर आलेला. काळा, पोलादी पट्टीचा, कानावर टेकणाऱ्या दोन कडक रबरी चकत्यांचा. तो कानाला चिमटा घ्यायचा. बायकांना कुड्या, बुगड्या काढून ठेवाव्या लागत, आणि दहा मिनिटांनी हेडफोन काढला की कानाच्या पाळीवर लाल कड उमटलेली असे. आवाज मात्र टोकदार. वरच्या पट्टीतला सूर त्यातून सुई टोचावी तसा यायचा. खालचे, जाड सूर चकतीच्या फटीतून निसटून जात, आणि त्याच फटीतून गल्लीतले माग आत येत.

दुसरा डॉक्टरांच्या मेहुण्यांनी परदेशातून आणला. त्याला दोन खोलगट वाट्या होत्या, अख्खा कान आत मावेल अशा, आणि वाट्यांच्या काठाला आत स्पंज भरलेलं मऊ रेक्झिन. पाठीमागून पूर्ण बंद. तो डोक्यावर ठेवला की जड लागायचा, मान थोडी खाली जायची. पण कानाला टोचत नसे. खालचे सूर त्यात गोल, भरीव ऐकू यायचे, आडात कुणी घागर बुडवावी तसे. आणि वाट्या नीट बसल्या की माग थांबायचे. खरोखर थांबायचे. एवढी वर्षं सोलापुरात राहून मी ती शांतता कधी ऐकली नव्हती.

उणिवा त्यालाही होत्या. चष्म्याची काडी मध्ये आली की फट पडायची. पटका, फेटा काढल्याशिवाय तो बसत नसे, आणि खेड्यातला म्हातारा माणूस परक्या बाईसमोर बोडकं डोकं करायला तयार नसे. उन्हाळ्यात तर वाट्यांच्या आत घामाचं पाणी व्हायचं. मी प्रत्येक पेशंटनंतर स्पिरिटच्या बोळ्याने रेक्झिन पुसायची आणि त्यावर थोडी पावडर टाकायची.

डॉक्टरांनी मला एक वही दिली. "दोन्हीने तपासत जा. कुठल्याने आकडे खरे येतात, कुठला माणसांना सोसतो, ते लिही. वर्षभराने ठरवू." मी पानाच्या मधोमध रेघ मारून दोन बाजू केल्या. आकडे लिहायचेच, पण पेशंट काय म्हणाला तेही लिहायची मला सवय लागली. दुधनीहून आलेला एक शेतकरी म्हणाला होता, "ह्यो जड हाय, पन कानाला झोंबत न्हाय की. म्हशीच्या खांद्यावर मऊ जू ठिवल्यावानी." विडी कामगार वस्तीतल्या एका मुसलमान बाईने बंद हेडफोन दोन मिनिटांत ओढून काढला. "इसमें नक्को बाई," ती म्हणाली, "कबर के सरका लगता." कबरीत असल्यासारखं. तेही मी लिहिलं.

तिचं म्हणणं मला पटलं होतं, कारण रोज सकाळी पेशंट येण्याआधी दोन्ही हेडफोन माझ्या कानाला लावून बघावे लागत. बंद हेडफोनमध्ये पहिलं मिनिटभर काहीच नसायचं. मग स्वतःचं रक्त ऐकू यायला लागायचं. गिळलेला आवंढा केवढा मोठा वाटायचा. त्याच्याही मागे एक बारीक शीळ असायची, कुठूनही न येणारी. मी कळ दाबलेली नसायची, तरी बोट वर करावंसं वाटायचं. पुण्यात आम्हाला सांगितलं होतं की असं होतं, घाबरायचं नाही. मी घाबरत नसे, पण हेडफोन काढून दाराकडे एकदा बघून घ्यायची.

वहीत दोन महिन्यांची पानं भरली तेव्हा मी आप्पांना दवाखान्यात यायला सांगितलं.

आप्पा म्हणजे माझे वडील. अक्कलकोट तालुक्यातलं आमचं गाव सोडून ते तरुणपणीच गिरणीत आले आणि तीस वर्षं साचेखात्यात, म्हणजे जिथे कापड विणलं जातं त्या खात्यात, त्यांनी काढली. आता घरी असायचे. बहिरेपण इतकं वाढलं होतं की आई त्यांच्याशी बोलण्याऐवजी हाताला धरून वस्तू दाखवायची. गिरणीच्या माणसांचे कान जातातच, त्यात नवल नव्हतं. पण त्यांच्या बरोबरीच्या काही विणकऱ्यांचे मी तपासले होते, आणि त्यांच्यापेक्षा आप्पांचे कान फार लवकर गेले होते, मला आठवतं तेव्हापासून जातच होते.

आणि एक गोष्ट होती. आप्पा कानाला काही लावू देत नसत. डिसेंबरात पहाटे कडाक्याची थंडी असायची, गल्लीतले सगळे म्हातारे मफलर गुंडाळून बसायचे. आप्पा उघड्या कानांनी ओट्यावर. आईने विणलेली कानटोपी ट्रंकेत तशीच होती. न्हाव्याने कानावर हात ठेवला तरी ते मान झटकायचे. घरात आम्ही त्याला 'आप्पांचा हट्ट' म्हणून सोडून दिलं होतं.

मी हेडफोनचं बोलले तेव्हा आई म्हणाली, "त्यांच्या कानाच्या नादी लागू नको."

"का?"

"नको म्हणते ना."

पण मी नादी लागले. रोज परक्यांचे कान तपासायचे आणि घरातल्या माणसाशी खुणांनी बोलायचं, हे मला सोसत नव्हतं. शेवटी एका सोमवारी दुपारी आप्पा आले. सोमवारी गल्लीतले बरेच माग बंद असत. डॉक्टर जेवायला घरी गेले होते.

आधी मी जुना, कडक हेडफोन दाखवला. त्यांनी तो हातात घेतला, उलटा-पालटा केला, आणि स्वतःच डोक्यावर चढवला. मांडीवर हाताच्या मुठी आवळलेल्या. पण बसले. मी तपासलं. खालचे सूर बऱ्यापैकी, आणि मग जिना उतरावा तशी रेघ खाली. विणकऱ्यांची नेहमीची. उगाच बोट वर केलेलं एकदाही नाही. काढताना म्हणाले, "ह्यातनं भायेरचं थोडं येतंय. बरं वाटतं."

मग दुसरा. वाट्या कानांवर बसल्या तसे त्यांचे खांदे वर आले. मी चकती फिरवली, पण कळ दाबायच्या आधीच त्यांचं बोट वर झालं.

मला वाटलं, चुकून. मी थांबले. बोट खाली आलं, आणि थोड्या वेळाने परत वर. मी यंत्राची तार तपासली. यंत्र गप्प होतं. मी हात मांडीवर ठेवून नुसती बसले आणि त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. समोर चादरीवरचा मोर, आणि आप्पांचं बोट वर, खाली, वर. मध्ये सारखं अंतर नव्हतं. माणूस हाक मारतो, थांबतो, वाट बघतो, परत हाक मारतो, तसं ते होतं. तेव्हा मला तसं सुचलं नव्हतं. 

मी पुढे होऊन हेडफोन काढला. आप्पांचा चेहरा ओला होता. घाम असेल असं मी धरून चालले.

"आप्पा," मी त्यांच्या कानाशी मोठ्याने म्हटलं, "काय ऐकू येत होतं?"

ते दाराकडे बघत म्हणाले, "हाक मारतंय की."

"कोण?"

 मग ते सगळं एकदमच बोलले, आपल्याला आपला आवाज ऐकू येत नाही म्हणून ओरडल्यासारखं, आणि मला सारखं वाटत होतं की खाली औषधाच्या दुकानापर्यंत ऐकू जातंय.

गिरणीत त्यांच्या पाठीशी पाठ लावून एक तेलुगू विणकर काम करायचा. आप्पांचे साचे, म्हणजे माग, इकडे, त्याचे तिकडे, मध्ये दोन हातांची बोळ. तो आप्पांपेक्षा लहान, त्यांना 'अन्ना' म्हणायचा. दोघे डबा एकत्र खायचे. साचेखात्यात कुणी कुणाशी बोलू शकत नाही, तिथे ओठ वाचायचे असतात. पण हा वाकून कानाशी तोंड आणायचा आणि 'अन्ना' म्हणून काहीतरी चेष्टा करायचा. आप्पांना त्या आवाजाने डोकं दुखायचं. म्हणून ते कानात कापसाचे बोळे घालायचे, घट्ट दाबून. तो हसायचा त्यांना. "अन्ना, बाईवानी कापूस घालतंय बघा."

एका सकाळी वर फिरणाऱ्या दांड्यावरून साच्याकडे येणाऱ्या पट्ट्यात त्याच्या सदऱ्याची बाही गेली. आप्पांची पाठ होती. तुटलेला धागा जोडत होते. किती वेळ गेला त्यांना माहीत नाही. पायाखालची फरशी वेगळी हलली असं वाटून ते वळले, तोवर समोरच्या रांगेतला माणूस धावत येऊन साचा थांबवायला पट्टा पाडत होता. तो माणूस मागाहून आप्पांना म्हणाला, "तुला हाक मारत होता रे. माजं लक्ष गेलं तवा त्याचं तोंड उघडं हुतं. अन्ना, अन्ना म्हनत हुता."

"त्यानं नुसतं बघितलं," आप्पा मला म्हणाले. "ऐकलं न्हाय त्यानं बी. आन् माज्या तर कानात कापूस. म्हंजी ती हाक कुनीच ऐकली न्हाय बग. तवा न्हाय ऐकली, आन् आता येती ऐकू."

तो तेलुगू विणकर दोन दिवसांनी दवाखान्यात वारला. आप्पांनी कापसाचे बोळे त्याच दिवशी फेकून दिले होते. त्यानंतरची सगळी वर्षं ते त्या आवाजात उघड्या कानांनी उभे राहिले. कान जात आहेत हे त्यांना कळत होतं. "जाऊ द्या म्हनलो," ते म्हणाले. एवढंच.

मी सहा-सात वर्षांची असेन तेव्हा. त्या दिवसांतलं मला काहीच आठवत नाही, आप्पा एकदा बरेच दिवस जेवले नव्हते हे सोडून.

डॉक्टर आल्यावर मी त्यांना सांगितलं. ते चांगले गृहस्थ होते. त्यांनी आप्पांना समोर बसवून कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून समजावलं. कान मेला की मेंदू स्वतःच आवाज तयार करतो. कुणाला शिट्टी, कुणाला रातकिडे, कुणाला घंटा. बाहेरचे आवाज चालू असले की ते झाकून जातं, शांततेत वर येतं. बंद हेडफोनमध्ये म्हणूनच ऐकू आलं.

आप्पांनी कागद नीट वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि विचारलं, "आवाज करंल, खरं हाय. पन नाव घिऊन हाक मारंल का?"

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले.

त्या रविवारी आप्पा मला म्हणाले, "त्याच्या घराकडं जायाचंय. तू चल. ती बोलंल ते मला ऐकू यायचं न्हाय." इतक्या वर्षांत ते त्या घरी एकदाही गेले नव्हते. आईला आम्ही कुठे चाललोय ते सांगितलं तर तिने फक्त त्यांचा सदरा बदलून दिला.

विणकरांच्या वस्तीत एका लांबट खोलीत ती बाई राहायची. त्याची बायको. आता केस पांढरे, अंगाने काटकुळी. चरख्यावर कांड्या भरत बसली होती. मागाच्या धोट्यात घालायच्या कांड्यांवर सूत गुंडाळायचं काम. तिने आप्पांना ओळखलं. उठली, चटई टाकली, पाणी दिलं, परत चरख्यापाशी बसली, पण तो फिरवला नाही.

आप्पांनी जमिनीकडे बघत सगळं सांगितलं. कापूस, पाठ, समोरच्या माणसाने बघितलेलं तोंड. माझ्या दवाखान्यातल्या हेडफोनचंही सांगितलं.  त्यांचं झाल्यावर ती माझ्याकडे वळली, कारण आप्पांना ऐकू येत नाही हे तिला कळलं होतं.

"कापसाचं काय हाय," ती म्हणाली. "त्या खात्यात कापूस नसला तरी कोण कुणाचं ऐकतंय. त्याच्यासाठी यायला पायजे नव्हतं तुम्ही."

मी ते आप्पांच्या कानाशी मोठ्याने सांगितलं. त्यांनी मान हलवली.

ती पुढे म्हणाली, "दवाखान्यात ते दोन दिवस शुद्धीत होते. तुमच्यावर काही बोलले नाहीत. फक्त विचारले, अन्ना का आला नाही? सकाळी विचारले, संध्याकाळी विचारले. मी म्हणले, येतील. दुसऱ्या दिवशी पण विचारले."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. इतक्या वर्षांपूर्वीची गोष्ट ती जशी झाली तशी सांगत होती. पण ती आप्पांना सांगायचं काम माझ्याकडे होतं. आप्पा माझ्या ओठांकडे बघत वाट पाहत होते. मला दुसरं काहीही सांगता आलं असतं. 'तुमची आठवण काढली' एवढं म्हटलं असतं तरी ते खोटं नव्हतं. त्या बाईलाही मराठी पुरतं येत होतं, मी काय सांगते ते ती ऐकणार होती. मी तिच्याकडे पाहिलं. तिने काही खूण केली नाही.

मी आप्पांच्या कानाला तोंड लावलं आणि ओरडून सांगितलं, "दोन दिवस शुद्धीत होते. विचारत होते, अन्ना का आला नाही."

शेजारच्या खोलीतलं बोलणं थांबलं. माझाच आवाज मला परका वाटला.  मग आप्पा म्हणाले, "ग्येलो हुतो. दवाखान्याच्या फाटकापतोर ग्येलो हुतो. दोनी दिवस." तिने ते ऐकलं. पदराने तोंड पुसलं आणि चरखा हळूहळू फिरवायला लागली. आम्ही आणखी थोडा वेळ बसलो. निघताना तिने आप्पांना केळी दिली. कुणी रडलं नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात मी पेशंट आत घ्यायला दार उघडलं तर बाकावर ती बसली होती. मला वाटलं तिचे कान तपासायचे आहेत. मी तिला आत घेतलं, स्टुलावर बसवलं.

"कान माझे चांगले हायेत," ती म्हणाली. "ते ज्यात हाक मारतात, ते मला लावून दे."

 डॉक्टरांनी आप्पांना समजावलं होतं ते मी तिला सांगून बघितलं. ती ऐकून घेत होती, पण हात पुढे करून बसली होती. शेवटी मी तिच्या कानातल्या पितळी फुल्या काढायला सांगितल्या, पदर मागे घेतला आणि बंद हेडफोन तिच्या डोक्यावर ठेवला. पट्टी लहान करावी लागली, तिचं डोकं लहान मुलीएवढं होतं. तिने डोळे मिटले आणि दोन्ही हातांनी वाट्या कानांवर दाबून धरल्या.

यंत्र बंद होतं. मी भिंतीला टेकून उभी राहिले. बाहेर पेशंट खोळंबले होते, कंपाउंडरने एकदा दार ढकलून पाहिलं, मी हाताने त्याला परत पाठवलं. तिचा श्वास आधी भराभर चालला होता, मग संथ झाला. एकदा तिचे ओठ हलले. तिच्या भाषेत काही म्हणाली, मला समजलं नाही. मी बोटांकडे बघत होते, उगाच, पेशंटच्या बोटांकडे बघायची सवय म्हणून. ती वर झाली नाहीत.

दहा मिनिटं झाली असतील. तिने स्वतःच हेडफोन काढला आणि माझ्या हातात दिला. वाट्या गरम झाल्या होत्या.

"नाहीत ह्यात," ती म्हणाली. "ते तुझ्या बापाकडंच हायेत. राहू दे." मग फुल्या घालताना तिने विचारलं, "आवाज कसा हाय म्हणले? त्रास होत असल्यासारखा हाय का?"

मी आप्पांना ते विचारलंच नव्हतं. संध्याकाळी घरी जाऊन विचारलं. ओट्यावर त्यांच्याशेजारी बसून, कानाशी ओरडून. ते विचार करून म्हणाले, "न्हाय. डबा खायाला बोलावल्यावानी हाय." दुसऱ्या दिवशी कामावर जाण्याआधी मी तिच्या घरी जाऊन तेवढं सांगून आले. ती कांड्या भरत होती. "बरं," म्हणाली.

वर्ष संपलं तेव्हा डॉक्टरांनी वही मागितली. मी लिहिलं की आकडे बंद हेडफोनचे जास्त खरे, गल्लीचा आवाज अडत असल्याने. लहान मुलांना आणि दागिने घालणाऱ्या बायकांना तोच बरा. पण कानात आवाज येत असल्याची ज्यांची तक्रार आहे त्यांना तो फार वेळ लावू नये, आणि लावला तर कुणीतरी खोलीत थांबावं. डॉक्टरांनी ते वाचून खाली सही केली. दोन्ही हेडफोन ठेवून घेतले. बंद हेडफोनचा स्पंज पुढच्या दोन उन्हाळ्यांत घामाने कुजून चुरा झाला, मग मी तिथल्याच एका चपला शिवणाऱ्याकडून वाट्यांना नवं कातडं बसवून घेतलं. ते कानाला जरा कडक लागायचं.

आप्पांना डॉक्टरांनी खिशात ठेवायचं श्रवणयंत्र मिळवून दिलं. छोटी डबी, तिची तार कानापर्यंत. कानात काही घालायचं म्हणून मी धास्तावले होते, पण त्यांनी घातलं. ते घातलं की आईचं बोलणं थोडं कळायचं, सायकलची घंटा कळायची. दुपारी मात्र ते डबी काढून ठेवायचे आणि ओट्यावर नुसते बसायचे.

एकदा मी विचारलं, "अजून येतो का हो तो आवाज?"

"येतोय की," ते म्हणाले. "रोजच येतो. आदी मी गप बसायचो. आता व्हय म्हनतो."

नंतर मी लक्ष ठेवून पाहिलं. ओट्यावर बसल्या बसल्या त्यांची मान किंचित मागे वळायची, पाठीशी कुणी उभं असावं तशी, आणि ते अगदी सहज, शेजारच्याला म्हणावं तसं, "व्हय" म्हणायचे. गल्लीतली माणसं समजायची की म्हातारा आता स्वतःशी बोलायला लागला. आईलाही तसंच वाटायचं, किंवा ती तसं दाखवायची. मी कुणाला काही सांगितलं नाही. त्या वेळी मी ओट्यावर असले तर त्यांच्या मागच्या बाजूला बसत नसे, ती जागा मोकळी सोडून थोडी सरकून बसायची.